‘बेसिक घ्या’ म्हणणाऱ्यांस जाहीर उत्तर

आपल्या वार्तापत्राच्या गेल्या अंकात दहावीच्या पालकांसाठी मार्गदर्शनपर लेख आला आहे. त्यातला सल्ला थोडक्यात असा: मुलाला नववीत गणितात सत्तरच्या आत गुण असतील तर दहावीला सरळ ‘बेसिक’ गणित घ्यावे, पुढे कॉमर्सला घालावे, कारण कॉमर्सला बीजगणित लागत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर उगाच ताण कशाला! लेखकाचे नाव मी घेत नाही. ते ज्येष्ठ आहेत, मंडळासाठी त्यांनी पुष्कळ केले आहे, आणि खरे सांगायचे तर हा सल्ला त्यांच्या एकट्याचा नाहीच. दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत आपल्या घराघरांत, ‘बेसिक’ हा शब्द जन्माला येण्याच्याही आधीपासून, हाच सल्ला दिला जात आहे. म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर देणारा मी कोण? गणिताचा प्राध्यापक नव्हे. बँकेत कारकून, बी.कॉम., वय चव्वेचाळीस. म्हणजे लेखात ज्या ‘कॉमर्सवाल्याला बीजगणित लागत नाही’ त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी शहरातल्या एका महाविद्यालयाने बाहेरच्या लोकांसाठी चालवलेल्या प्राथमिक बीजगणिताच्या वर्गाला मी नाव घातले आणि पाच महिने दर रविवारी सकाळी बाकावर बसलो. तेव्हा जे लिहितो आहे ते काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहून लिहितो आहे.

कॉमर्सला बीजगणित लागत नाही?

एक साधे बिल घ्या. वस्तूची किंमत १८ टक्के जीएसटी धरून १,१८० रुपये. यातला कर किती? दहांतले सात जण १,१८० चे १८ टक्के काढतात आणि २१२ रुपये ४० पैसे सांगतात. ते चूक आहे. मूळ किंमत माहीत नाही, म्हणून तिला ‘क्ष’ म्हणा. क्ष अधिक क्षचे १८ टक्के बरोबर १,१८०. म्हणजे १.१८ गुणिले क्ष बरोबर १,१८०, म्हणून क्ष बरोबर १,०००. कर १८० रुपये. फरक साडेबत्तीस रुपयांच्या आसपास. एका बिलावर तो किरकोळ वाटेल. वर्षभराच्या बिलांवर दुकानदाराला विचारा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. तेव्हापासून आपल्या समाजातली किती पोरे अकाउंट्सच्या नोकरीत हेच बिल दिवसातून पन्नास वेळा करतात, आणि सॉफ्टवेअरने जो आकडा दिला तो का दिला हे त्यांतल्या किती जणांना सांगता येते?

दुसरे उदाहरण. टीव्ही, स्कूटर, लग्नखर्च यासाठी काही ठिकाणी ‘फ्लॅट’ व्याजाने कर्ज मिळते. एक लाख रुपये, दोन वर्षे, १२ टक्के फ्लॅट. व्याज २४,००० रुपये, हप्ता ५,१६७ रुपये. ग्राहकाला वाटते, बारा टक्के म्हणजे घरकर्जापेक्षा थोडेच महाग. पण त्याच्याकडे पूर्ण लाख रुपये दोन वर्षे राहतात कुठे? दर महिन्याला तो मुद्दल फेडतो आहे आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर देतो आहे. घटत्या शिल्लकीवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. बाराचे साडेएकवीस! हे कळायला समीकरण मांडता यावे लागते. बेरीज-वजाबाकीने ते कळत नाही, कारण दर हाच तिथे अज्ञात आहे.

तिसरे उदाहरण तर आपल्या अनेक घरांत घडून गेले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराच्या घरकर्जांचे व्याज चढले. पुष्कळांचा हप्ता मात्र होता तेवढाच राहिला आणि लोक म्हणाले, चला, सुटलो. सुटले नव्हते, मुदत वाढली होती. आकडे पाहा. दहा लाखांचे कर्ज, ७ टक्के, २० वर्षे. हप्ता सुमारे ७,७५३ रुपये. आता सुरुवातीसच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर पहिल्याच महिन्याचे व्याज ७,५०० रुपये. मुद्दलात जातात फक्त २५३ रुपये. हे कर्ज फिटायला किती महिने लागतील? ४५८. म्हणजे ३८ वर्षांच्या वर! दर वाढला दोन टक्के, मुदत झाली जवळजवळ दुप्पट. हप्त्यात सुमारे १,२४४ रुपये वाढवले असते तर तेच कर्ज वीस वर्षांत फिटले असते.

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बँकांना बजावले की दर बदलताना कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे? चांगले केले. पण ज्याला ‘महिने किती’ हा अज्ञात काढता येत नाही तो निवडणार काय? तो समोरच्याला विचारणार, “साहेब, तुम्हीच सांगा काय करू.” कागदावर हक्क मिळाला, पण तो बजावायचे हत्यार आपण पोराच्या हातातून दहावीतच काढून घेतले.

आता परीक्षांचे बोलू. सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेत शंभर गुणांचा एक अख्खा पेपर संख्यात्मक अभियोग्यतेचा आहे. त्यात समीकरणे, श्रेणी, चक्रवाढ, संख्याशास्त्र सारे येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. बँकांच्या कारकुनी भरतीच्या पूर्व परीक्षेत शंभर प्रश्नांपैकी ३५ अंकांचे असतात आणि त्यांना मिळतात २० मिनिटे. सी.ए. म्हणजे कॉमर्स, बँक म्हणजे कॉमर्स. मग ‘कॉमर्सला लागत नाही’ हे कोणत्या कॉमर्सबद्दल बोलणे चालले आहे?

बेसिक म्हणजे नेमके काय

केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावी परीक्षेपासून गणिताचे दोन प्रकार केले: स्टँडर्ड आणि बेसिक. गुजरात मंडळानेही त्यामागोमाग तोच मार्ग धरला. हेतू वाईट नव्हता. ज्याला पुढे गणित घ्यायचेच नाही त्याचे वर्ष फुकट जाऊ नये, एवढाच. पण आपल्या लोकांनी त्याचा अर्थ काय लावला ते पाहा.

केंद्रीय मंडळात दोन्हींचा अभ्यासक्रम एक, पुस्तक एक, वर्गही एक. फरक आहे तो वर्षअखेरच्या प्रश्नपत्रिकेत. म्हणजे ‘बेसिक’ घेणारा मुलगा त्याच बाकावर बसून तेच वर्गसमीकरण शिकतो. फक्त जूनमध्येच घरचे त्याला सांगून टाकतात, “तुला एवढे नको रे.” आणि ज्या पंधरा वर्षांच्या पोराला आई-बाप, काका आणि मंडळाचे ज्येष्ठ सगळे मिळून सांगतात की हे तुला नको, ते पोर का शिकेल? सोपा पेपर मंडळाने दिला. न शिकण्याची परवानगी आपण दिली.

पुढे अकरावीच्या प्रवेशाचे नियम कधी कडक होतात, कधी सैल होतात. सवलती मिळतात, पुन्हा बदलतात. त्या सवलतींच्या भरवशावर राहू नका. कारण नियमाने दार उघडे ठेवले तरी ज्याचे पाय वर्षभर बांधून ठेवले तो आत चालत कसा जाणार?

आणि मुलींच्या ‘ताणा’बद्दल. ही काळजी नेमकी गणिताच्याच वेळी कशी आठवते? सकाळी पाण्याचे, दुपारी स्वयंपाकाचे, संध्याकाळी धाकट्याच्या अभ्यासाचे बघताना त्याच मुलीला ताण येत नाही. दोन अज्ञातांची समीकरणे आली की येतो! माझ्या रविवारच्या वर्गात एकोणीस जण होते. त्यांतल्या अकरा बायका. एक पापड-मसाल्याचा घरगुती धंदा करणारी, दोघी शिकवण्या घेणाऱ्या, एकीचा नवरा वारल्यावर दुकान तिच्या गळ्यात पडलेले. यांतली एकही हौसेने आलेली नव्हती. गरज पडली म्हणून आल्या होत्या. त्यांना पंधराव्या वर्षी कोणी तरी प्रेमाने ‘ताण’ वाचवून दिला होता, त्याची फेड त्या चाळिशीत करत होत्या.

हिशेब वेगळा, बीजगणित वेगळे

आपल्या लोकांचा एक अभिमान असतो: “आम्ही फडणिशीतली माणसे, हिशेब आमच्या रक्तात.” खरे आहे. आपले पणजोबा गायकवाडी दप्तरात मोडीत जमाखर्च लिहीत, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी त्यांना झोपेतून उठवले तरी पाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज मोबाईलशिवाय साडेतीन नव्वे कोणी सांगून दाखवावे.

पण ते अंकगणित होते. अंकगणितात आपण माहीत असलेल्यापासून निघतो आणि उत्तराकडे जातो. बीजगणितात उलटे. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचे, ते माहीत आहे असे धरून त्याच्याविषयी खरी विधाने लिहायची, आणि त्या विधानांनाच त्याला बाहेर काढायला लावायचे. जुन्या लोकांनी याला नाव फार नेमके दिले होते. अंकगणित ते व्यक्त गणित, बीजगणित ते अव्यक्त गणित.

वर्गात शिकवणारे सर गुजराती. भाषा कधी गुजराती, कधी हिंदी, कधी इंग्रजी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की शाळेत तुम्हाला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र दिला असेल, तो आज विसरा. समीकरण म्हणजे तराजू. एका पारड्यातून पाच काढले तर दुसऱ्यातूनही पाच काढा. चिन्ह बदलत नाही, तुम्ही दोन्हीकडून तेवढेच काढता म्हणून तसे दिसते. एवढ्या एका वाक्याने अर्धा वर्ग सरळ बसला.

दुसरी गोष्ट, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. हे का? आम्हा सगळ्यांना पाठ होते, कारण कोणालाच ठाऊक नव्हते. सरांनी आठ सत्ते छप्पन घेतले. आठ म्हणजे दहा वजा दोन, सात म्हणजे दहा वजा तीन. गुणा. दाही दाहे शंभर. दहा गुणिले वजा तीन, वजा तीस. वजा दोन गुणिले दहा, वजा वीस. झाले पन्नास. उत्तर छप्पन यायचे आहे, तर वजा दोन गुणिले वजा तीन हे अधिक सहाच असले पाहिजे. दुसरे काही असूच शकत नाही. आणि शब्द तरी बघा: ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे ठेव. आपल्या पूर्वजांनी चिन्हांना दिलेली नावेच बँकेतली आहेत, आणि आपण म्हणतो कॉमर्सचा बीजगणिताशी संबंध नाही!

तिथून पुढे दोन अज्ञात, अवयव पाडणे, वर्गसमीकरण, आलेख, घातांक, लघुगणक, श्रेणी. वर घरकर्जाचे ४५८ महिने काढले ते लघुगणकाने. पाच महिन्यांत एवढे झाले. नोकरी, प्रपंच, म्हातारी माणसे सांभाळून एकोणीसपैकी चौदा जण शेवटपर्यंत टिकले. हे काही बुद्धीचे चमत्कार नव्हेत. समजावून सांगणारा माणूस आणि ठरलेली वेळ, एवढेच लागते.

‘मोबाईल आहे, एआय आहे, कशाला डोकेफोड?’

हा आजचा हुकमी आक्षेप. यंत्र समीकरण सोडवते हे मान्य. पण समीकरण मांडायचे कोणी? फ्लॅट व्याजाच्या उदाहरणात यंत्राला तुम्ही ‘१२ टक्के’ सांगितले तर ते बारा टक्क्यांचाच हिशेब करून देईल. आपल्याला शंका यावी लागते, आणि शंका यंत्र घेत नाही. शिवाय एकाच समीकरणाला दोन उत्तरे आली तर कोणते घ्यायचे हे माणसालाच ठरवावे लागते. भास्कराचार्यांनी वानरांच्या कळपाच्या एका उदाहरणात हेच दाखवले आहे: उत्तरे दोन येतात, ५० आणि ५; पण ५ घेतले तर मधली एक संख्या ऋण होते, आणि उणे दोन वानर कोणी पाहिलेत? म्हणून ५ टाकून द्यायचे. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या विवेकाला अजून यंत्रात बटण नाही.

दुसरा आक्षेप जास्त शिकलेले लोक घेतात: “अहो, अमेरिकेतसुद्धा आता बीजगणित नको म्हणतात.” हेही अर्धसत्य आहे. अँड्र्यू हॅकर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की सक्तीच्या बीजगणितामुळे तिकडची पुष्कळ मुले शिक्षण सोडतात, तेव्हा ते सर्वांना खरोखर हवे का? त्यांचा प्रश्न खोटा नाही. आपल्याकडेही गणिताच्या धास्तीने शाळा सोडलेली मुले आहेत. पण हॅकर ‘काहीच शिकवू नका’ म्हणत नव्हते. नागरिकाला रोज लागणारे आकड्यांचे शहाणपण शिकवा, असे म्हणत होते. आपले ‘बेसिक’वाले त्यातला पहिला अर्धा भाग घेतात आणि दुसरा गिळतात.

त्याच अमेरिकेतला दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. बॉब मोझेस. १९६० नंतरच्या काळात मिसिसिपी राज्यात काळ्या लोकांची नावे मतदारयादीत यावीत म्हणून मार खाल्लेला कार्यकर्ता. पुढे मुलीच्या शाळेत तो बीजगणित शिकवू लागला आणि १९८२ साली त्याने ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याचे म्हणणे असे, की साठीत मताचा हक्क नव्हता म्हणून आमचे लोक मागे राहिले. आता ज्याला बीजगणित येत नाही तो नव्या अर्थव्यवस्थेत मत नसलेल्या माणसासारखाच आहे. २०२१ साली तो गेला. राजकीय कार्यकर्त्याने शेवटी फळा का हातात घेतला, याचा आपल्यासारख्या संख्येने थोड्या समाजाने विचार करावा. निवडणुकीच्या तोंडावर आपले एक-गठ्ठा मत किती, याची बेरीज आपण करतो. आपली किती पोरे स्वतःच्या कर्जाचे कागद समजून सही करतात, याची बेरीज कोण करतो?

हे आपलेच आहे

ज्यांना परदेशी दाखले नकोत त्यांच्यासाठी घरचे देतो. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिले ते ११५० साली संपलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग म्हणून. अज्ञातांना त्यांच्याकडे रंगांची नावे असत: पहिला यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक. पण मला सांगायचे आहे ते त्याच्या नंतरचे. आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथला १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असे त्यात आहे. लेख संस्कृत, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत, आणि त्यात नोंद कशाची? पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाकडे जाणारा वाटा मठाला दिला, याची!

मंडळी, हे पुन्हा वाचा. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक, आणि त्यात लिहिले आहे की बीजगणिताच्या शाळेचा खर्च बाजाराने उचलावा. आठशे वर्षांपूर्वी वाण्याच्या तागडीतून गणिताला वर्गणी जात होती. आज आपल्या मंडळाच्या जमाखर्चात मंडप आहे, ध्वनिक्षेपक आहे, शाल-श्रीफळ आहे. फळा आणि खडू मात्र नाही.

‘आम्ही महाराष्ट्राबाहेरचे, आमचे काय’ असे म्हणणाऱ्यांसाठी बापूदेव शास्त्री. १८२१ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस नागपूर, मग माळव्यातले सिहोर असे करत काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित शिकवायला गेला आणि तिथे त्याने हिंदीत बीजगणिताचे पुस्तक लिहिले. घराबाहेर जाऊन वसलेल्या मराठी माणसाने त्या मुलखाला काय द्यावे याचा हा नमुना आहे. गणेशोत्सव तर आपण देतोच.

आणि खुद्द बडोदे! सयाजीराव महाराज १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचे खरे शिक्षण तिथून सुरू झाले. त्या वयापर्यंतचे पाहून कोणी ‘याला बेसिकच बरे’ म्हटले असते तर? त्याच महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लावला. १८९० साली कलाभवन उघडले, १९०८ साली बँक ऑफ बडोदा. ज्या राजाने आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेत बसवले नाही तर दंड केला, त्याच्या पुतळ्याला आपण दरवर्षी हार घालतो आणि घरी येऊन पोराला सांगतो, “तुला एवढे नको रे.”

मागणी

नुसती टीका करून थांबायचे नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी पुढील ठराव मांडणार आहे.

एक. मंडळाच्या सभागृहात वीस रविवार, दोन-दोन तास, प्राथमिक बीजगणिताचा वर्ग चालवावा. समजावणे मराठीत, पण प्रत्येक संज्ञेचा गुजराती आणि इंग्रजी शब्द फळ्यावर शेजारी लिहावा, कारण मुलांना पेपर त्या भाषांत लिहायचा आहे. प्रवेश नववीच्या मुलापासून निवृत्त आजोबांपर्यंत सर्वांना. सुनांना आणि आयांना आधी.

दोन. गुणगौरव समारंभात नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना बक्षीस देतोच. त्याबरोबर जो विद्यार्थी स्टँडर्ड गणित घेऊन उत्तीर्ण होईल, भले पंचेचाळीस गुणांनी, त्याचेही नाव व्यासपीठावर घ्यावे. अवघड वाट धरणाऱ्याची पाठ थोपटली जाते, हे पोरांना दिसू द्या.

तीन. या वार्तापत्रात यापुढे मार्गदर्शन छापताना ‘काय सोडता येईल’ याबरोबर ‘सोडल्यावर कोणती दारे बंद होतात’ हेही छापावे.

‘पैसे कुठून आणायचे?’ हे कार्यकारिणीचे ठेवणीतले वाक्य. तर बीजगणितानेच उत्तर देतो. शिक्षकांचे मानधन दर रविवारी हजार, वीस रविवारांचे २०,०००. वह्या-झेरॉक्स माणशी १५०. फी माणशी ६००. विद्यार्थी ‘न’ मानले, तर ६०० न बरोबर २०,००० अधिक १५० न. म्हणजे ४५० न बरोबर २०,०००. न येतो ४४ च्या थोडा वर, म्हणून ४५ विद्यार्थी आले तर वर्ग स्वतःच्या पायावर उभा. तेवढे येणार नाहीत असे वाटत असेल तर शाल-श्रीफळाच्या खात्यातून एकदाच १०,००० द्या. मग ४५० न बरोबर १०,०००, आणि २३ विद्यार्थी पुरतात.

तेवीस. साऱ्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतून तेवीस माणसे. एवढी जमली नाहीत तर मी माझा ठराव मागे घेईन आणि गेल्या अंकातल्या मार्गदर्शकांचे म्हणणे आपल्या समाजाने मान्य केले असे समजेन. जमली, तर त्यांनी पहिल्या रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसावे, ही त्यांना आग्रहाची विनंती. त्यांनी हिशेबाच्या वह्या तपासण्यात आयुष्य काढले आहे. अव्यक्त गणितही त्यांना जमेल.

नावे मंडळाच्या कार्यालयात नोंदवही ठेवली आहे तिच्यात लिहावीत. पहिले नाव माझ्या मुलीचे आहे. तिला नववीत गणितात एकसष्ट गुण आहेत आणि तिने स्टँडर्ड घेतले आहे.

— एक सभासद, बँक कर्मचारी, बडोदे